जुन्या ऐसपैस अमेरिकन गाड्यांची निगा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आजोबांची पन्नाशीच्या दशकातली डॉज किंग्सवे आम्ही पुन्हा रस्त्यावर आणली आहे. इंजिन उत्तम चालतं. घरातली वडीलधारी मंडळी सांगतात की पूर्वी ही गाडी पाळण्यासारखी जायची. आता मात्र गंगापूर रोडवरच्या साध्या गतिरोधकालाही मागच्या सीटवर दणका बसतो. स्प्रिंगा बदलाव्यात का? — पंचवटी

उत्तर : स्प्रिंगांना एवढ्यात हात लावू नका. आधी टायरमधली हवा तपासा. या गाड्यांना मुळात 6.70-15 मापाचे, उंच कडेचे क्रॉस-प्लाय (आतले दोऱ्यांचे थर तिरके असलेले, जुन्या पद्धतीचे) टायर असत आणि त्यांना 24 ते 26 पीएसआय हवा पुरे व्हायची. पंक्चरवाला सवयीनं 35 भरतो. बराचसा दणका तिथूनच येतो. रेडियल (हल्लीच्या पद्धतीचे) टायर टाकले असतील तर 28 ते 30 ठेवा.

नवे टायर घेताना आपल्या नाशकातच बनणाऱ्या बोलेरोचे 215/75 आर 15 अनेक जण सुचवतील. उंचीला ते जवळपास जुळतात, पण जुन्या रिम अरुंद असतात. रिमची रुंदी मोजा आणि त्या रुंदीला कोणतं माप चालतं ते टायर कंपनीच्या तक्त्यात पाहूनच घ्या. रिव्हेट मारलेल्या जुन्या रिममधून हवा निसटते, त्यामुळे ट्यूब हवीच. एकाच एक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉस-प्लाय कधीही नको.

मग मागच्या स्प्रिंगचे पोलादी पाटे मोजा. गाडी मागून खाली बसली की एखादा जाड पाटा वाढवून देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. गाडी उंच दिसते, पण आराम जातो. जादा पाटा काढून टाका, उरलेले सुटे करून गंज घासा. पाटे एकमेकांवर घसरले तरच स्प्रिंग काम करते. गंजानं चिकटलेला जुडगा म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. त्यानंतरही गाडी बसलेलीच राहिली, तर मूळ पाट्यांना पुन्हा बाक देऊन घ्या. शॉकअप पाहायचा तर गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन स्थिरावला तर ठीक, दोन-तीनदा झुलला तर शॉकअप संपला. त्या जागी जीपचा कडक शॉकअप बसवू नका.

शेवटची गोष्ट सीटची, आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष जात नाही. मूळ सीटमध्ये खाली तारेच्या स्प्रिंगा, त्यावर गोणपाट आणि वर कापसाची जाड गादी असे. दुरुस्तीत स्प्रिंगा काढून फोमचा ठोकळा भरला असेल, तर खालची दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी दणका लागणारच. मोडक्या स्प्रिंगा तेवढ्या बदला, गोणपाट ताणून शिवा, वर पिंजलेला कापूस नीट थापा. या गाड्यांचा आराम एका भागात नसतो. लांब व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), जड चासी, मऊ टायर आणि खोल सीट यांनी मिळून तो तयार होतो. अँबॅसेडरचा व्हीलबेस 97 इंच, तर 1955 च्या शेवरोले बेल एअरचा 115 इंच, एवढ्यावरून कल्पना येईल.

प्रश्न : आमची 1950 ची प्लिमथ शहरात गरम होत नाही, पण मुंबईहून येताना कसारा घाटात हमखास थांबते. रेडिएटर नवीन केला, तरी फरक नाही. — देवळाली कॅम्प

उत्तर : घाटात थांबण्याची कारणं दोन आणि त्यांचे उपाय वेगळे, म्हणून आधी नेमकं कोणतं ते ठरवा. तापमानाचा काटा वर चढून मग गाडी थांबते का? तसं असेल तर पाण्याचा दोष. काटा ठीक आहे, पण इंजिन अडखळून बंद पडतं आणि पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप चालू होतं? मग नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आहे.

पाण्याचा दोष असेल तर रेडिएटर सोडून ब्लॉकच्या आत पाहा. डॉज आणि प्लिमथ या क्रायस्लर गटाच्या गाड्या. या गटाच्या सहा सिलिंडरच्या साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असलेल्या) इंजिनात वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या लांबीभर एक पातळ पत्र्याची नळी असते. तिला वॉटर डिस्ट्रिब्यूशन ट्यूब म्हणतात. तिच्या भोकांमधून गार पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपाशी जातं. ती सडली की पाणी पुढच्या पुढेच फिरतं आणि मागचे पाच व सहा नंबरचे सिलिंडर भाजून निघतात. इन्फ्रारेड थर्मामीटरनं हेडचं तापमान पुढून मागे मोजत गेलात तर फरक लगेच कळेल.

नळी काढण्यासाठी पाणी सोडा, रेडिएटर आणि वॉटर पंप उतरवा, नळीला आकडा अडकवून सरळ पुढे ओढा. गंजलेली नळी एका ओढीत येत नाही, तुकडे होतात. गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा, घाई करू नका. त्याच वेळी ब्लॉकचे वेल्श प्लग (बाजूच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) काढून आतला गाळ खरवडा आणि मागचा ड्रेन कॉक मोकळा करा. नवी नळी पितळेची घ्या, आणि बसवताना भोकांची दिशा जुन्या नळीप्रमाणेच आहे ना, ते दोनदा पाहा. हल्लीच्या गाडीची जास्त दाबाची रेडिएटर कॅप लावू नका. जुने सांधे फुटतील. इग्निशन टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरीही इंजिन तापतं, तेही तपासून घ्या.

पेट्रोलची वाफ होत असेल, तर नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या आणि इंजिनवरच्या फ्युएल पंपाचा मूळ उष्णतारोधक पत्रा परत बसवा. अनेक गाड्यांचा तो हरवलेला असतो. शिवाय आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यानं जुनं रबर फुगतं आणि चिरतं. फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. हवा-पेट्रोलचं मिश्रणही थोडं पातळ होतं. प्लग पांढरे पडत असतील तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक माप वाढवा. बदामी-तपकिरी रंग आला की थांबा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

प्रश्न : 6 व्होल्टची वायरिंग काढून 12 व्होल्ट करावं का? गरम इंजिन लवकर चालू होत नाही. — सिन्नर

उत्तर : नको. 6 व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणून स्टार्टरची केबल जाड हवी. बहुतेक गाड्यांना 12 व्होल्टची बारीक केबल लावलेली सापडते, तोच दोष. 50 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाका आणि इंजिन, चासी, बॅटरी तिन्हींची अर्थिंग घासून साफ करा. त्या काळच्या डॉज-प्लिमथमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं, हे मात्र विसरू नका.

प्रश्न : 1959 ची शेवरोले इम्पाला घ्यायचा विचार आहे. व्हिंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घ्यावा का? — नाशिक रोड

उत्तर : गाडी कशासाठी हवी, त्यावर ठरवा. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज फॉर्म 20 वर. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंतर पुन्हा नोंदणी 5,000 रुपयांत. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यासाठीच काढायची. घरच्यांना घेऊन दर रविवारी त्र्यंबकेश्वरला जायचं असेल, तर नेहमीची नोंदणी चालू ठेवून दर पाच वर्षांनी फिटनेस करून घेणंच बरं. आणि हो, ही गाडी साडेसतरा फुटांच्या आसपास लांब आहे. सौद्याआधी पार्किंग मोजा.

प्रश्न : सहा माणसं आरामात बसतील अशा गाड्या अमेरिकेनं बंद का केल्या? — इगतपुरी

उत्तर : 1973 च्या तेलसंकटानंतर 1975 मध्ये तिथे सरासरी मायलेजचा कायदा झाला. जनरल मोटर्सनं 1977 पासून मोठ्या गाड्या आखूड आणि हलक्या केल्या. पुढे घराघरांतली त्यांची जागा मिनीव्हॅननं घेतली. जे गेलं ते खरोखर मोलाचं होतं. टोपी न काढता माणसाला गाडीत बसता आलं पाहिजे, असा क्रायस्लरचे तेव्हाचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असे. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीतल्या गाड्यांत आपल्याकडची फेटेवाली माणसंही ताठ बसत.

प्रश्न : डॉजच्या डाव्या चाकांचे दोन बोल्ट तुटले, बाकीचे हलत नाहीत. मागचा ड्रमही निघत नाही. — सातपूर

उत्तर : क्रायस्लर गटाच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तुम्ही बोल्ट सोडत नव्हता, कसत होता. बोल्टवर ‘एल’ अक्षर दिसेल; पाना घड्याळाच्या दिशेनं फिरवा.

मागचा ड्रम निमुळत्या एक्सलवर घट्ट बसलेला असतो. कॉटर पिन (नट अडवणारी दुमडलेली पिन) काढा, नट सैल करा पण आट्यांवर राहू द्या, नाहीतर सुटताना ड्रम अंगावर येईल. चाकाच्या बोल्टच्या भोकांत बसणारा पुलर लावून ताणा आणि पुलरच्या स्क्रूवर हातोडा मारा. ड्रमच्या कडेला आकडे लावले तर ड्रम तडकतो; एक्सलच्या टोकावर ठोकलं तर आटे जातात. परत बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ ठेवा, ग्रीस लावू नका, एक्सल आणि ड्रम यांच्या खाचेत बसणारी चावी झिजली असेल तर बदला. नट कसल्यावर पिनचं भोक जुळलं नाही, तर नट मागे घेऊ नका. पुढच्या खाचेपर्यंत आणखी कसा.