सहा वीसची बस आणि आयआयटी

प्रश्न : मुलगा सातवीत, कोथरूडच्या सेमी-इंग्लिश शाळेत आहे. सहामाहीत 78 टक्के पडले. आयआयटीसाठी सीबीएसई लागतंच, म्हणून आठवीला हिंजवडीकडच्या दोनपैकी एका इंटरनॅशनल डे स्कूलमध्ये घालतोय. बस सकाळी 6:20 ला, परत पावणेपाचला. मग 6 ते 8 फाउंडेशन क्लास. त्याला मित्र सोडायचे नाहीत, पण लहान आहे, रुळेल. कोणती शाळा घ्यावी?
– एक पालक, वारजे

उत्तर : या कारणासाठी घालणार असाल, तर दोन्ही नकोत.

तुमच्या मूळ पत्रात फी, एसी वर्ग, स्विमिंग पूल आणि बसचा रूट यांवर दीड पान आहे. मुलावर एक ओळ, तीही ‘रुळेल’ म्हणून मिटवलेली. मला त्या 78 टक्क्यांची अजिबात काळजी नाही. साडेपाचला उठवलेला पोरगा रात्री साडेआठला जेवणार, मग होमवर्क. खेळणार कधी? चांदणी चौकात बस अडकली की पावणेपाचचे सव्वापाच होतात, हे वारजेकरांना मी काय सांगणार! आठवीपासून असं जुंपलेली मुलं अकरावीत माझ्यासमोर येऊन बसतात. आई-बाबा बोलत असतात आणि मुलगा बॅगेची चेन उघडझाप करत असतो. नेमका अभ्यासाला रेटा द्यायची वेळ येते, तेव्हा त्याला पुस्तक नकोसं झालेलं असतं.

आता तो ‘लागतंच’. जेईईला, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला, कुठल्याही मान्यताप्राप्त बोर्डाची बारावी चालते. सीबीएसईच्या शाळांत एनसीईआरटीचा अभ्यासक्रम असतो आणि तो जेईईला जवळचा, हे खरं. पण ती पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. राज्य मंडळाच्या मुलाला ती वाचायला कोणी अडवलंय? आणि इथलंच, पुण्यातलं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज चालणार असेल, तर तिथल्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून भरतात. ती परीक्षा राज्य मंडळाच्याच अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर होते. म्हणजे पैसे भरून तुम्ही त्याला त्या अभ्यासक्रमापासून लांब नेताय.

तरीही शाळा बदलायचीच असेल, तर आधी सीबीएसईचा संलग्नता क्रमांक मागा. पाटीवर ‘इंटरनॅशनल’ लिहायला बोर्डाची मान्यता लागत नाही. ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाले तर सरळ उठा. डोनेशन मागितलं तर ते 1987 पासून कायद्याने बंद आहे.

मुलाला मित्र सोडवत नाहीत, हा हट्ट नाही. बारा-तेराव्या वर्षी शाळा म्हणजे निम्मे मित्रच. येत्या रविवारी त्याला विचारा, गणितात नेमकं कुठे अडतं. तोवर ‘सीट होल्ड’ करायला एक रुपयाही भरू नका.