तिकडची मनानंगाल आन् आपली डाकीण

प्रश्न: भाची दुबईला नर्स आहे, सोबतच्या फिलिपिन्सच्या पोरी तिला कमरेपासून तुटून उडणाऱ्या बाईभुताच्या गोष्टी सांगतात. आपल्याकडे हडळ, डाकीण, तिकडेही बाईच! पुरुष भुतं नसतात का?
– एक वाचक, यावल

उत्तर: असतात ना ताई. झाडावर बसून चिरूट ओढणारा काप्रे आहे, घोड्याच्या तोंडाचा टिकबालांग आहे, पण ते जास्त करून खोड्या काढतात, वाट चुकवतात. जिवावर उठते ती बाई.

भाची सांगते ती मनानंगाल. रात्री वरचं धड सुटतं, वटवाघळासारखे पंख फुटतात, मग छपरावर बसून लांबलचक जीभ खाली सोडायची आन् गरोदर बाईचं पोटातलं बाळ खायचं. कमरेखालचं शरीर तिथंच उभं, त्यावर कोणी मीठ, राख नाहीतर लसूण टाकला की परत जोडता येत नाही आणि उजाडलं की खेळ खलास. दिवसा मात्र ती गावातलीच साधी बाई असते, आणि खरी गोम इथंच आहे.

कारण तिकडंही बाईभुतांच्या दोन जाती आहेत. मनिलाला लागून केझोन सिटीत बालेते ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे, तिथली पांढऱ्या कपड्यातली बाई टॅक्सीवाल्यांना आरशात दिसते म्हणे, तिच्यावर अत्याचार करून मारलं असं सांगतात. ती आपल्या हडळीच्या जातीची, मेलेली, कोणाचं नाव घ्यायची गरज नाही. मनानंगाल आन् आस्वांग (दिवसा माणसात राहून रात्री माणसं खाणारी तिकडची भुतं) ह्या डाकिणीच्या जातीच्या, म्हणजे जिवंत शेजारणीवर बोट ठेवता येतं.

आता हे बोट कोणावर जायचं? स्पॅनिश यायच्या आधी तिथं बाबायलान असायच्या, बहुतेक बायाच, देवाचं करणाऱ्या, औषधपाणी करणाऱ्या, काही पुरुष तर बाईचा वेश घेऊन हे काम करायचे. 1565 नंतर, स्पॅनिश राज्य आल्यावर, पाद्र्यांनी त्यांना सैतानाचे पुजारी ठरवलं. प्लासेन्सिया नावाच्या पाद्र्यानं 1589 मध्ये अशी एक यादीच लिहिली, तिच्यात देवाचं करणाऱ्या पुजारणी आन् आस्वांग एकाच ओळीत बसवलेत! माझ्या मते अर्धी गोष्ट तिथंच बिघडली, भुतं आधीची असतील पण शिक्का मारायची सोय झाली ना.

आपल्या सातपुड्यात धडगाव-अक्कलकुवाकडे डाकीण म्हणून बायांना मारहाण झालीये, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हा आहे. भाचीला सांगा, त्या पोरींना एकच विचार, तुमच्या गावात आस्वांग कोणाला म्हणायचे, विधवेला की सुईणीला? उत्तर आलं तर आम्हाला कळवा.