शाळेत एकाच कोर्टवर पन्नास मुलांना बॅडमिंटन शिकवायचं आहे. कुणाला इजा होऊ नये म्हणून काय करावं?

सर, तुम्ही लिहिलंय की सातवीचा वर्ग, हॉलमध्ये एकच कोर्ट आणि रॅकेटा वीस. मीही शाळेत पी.टी. शिकवतो, म्हणून आधी हेच सांगतो की वीस रॅकेटा आहेत म्हणून वीस मुलं एकदम खेळायला उभी करू नका. एवढ्या दाटीत इजा होण्याची भीती वाढते.

साधा हिशोब करा. रॅकेट साधारण ६७ सेंटीमीटर, त्यात मुलाचा हात धरला की प्रत्येकाभोवती सव्वा मीटर त्रिज्येचं वर्तुळ झालं. दुहेरीचं कोर्ट ६.१ मीटर रुंद, म्हणजे पूर्ण हात फिरवायचा तर शेजारी शेजारी दोनच मुलं मावतात. जाळीच्या दोन्ही बाजू धरून चार. बाकीच्यांना रॅकेटच देऊ नका. कडेला फूल (शटल) हाताने डोक्यावरून फेकायला लावा, पावलांचा सराव द्या, दोघांना गुण मोजायला बसवा. फेकण्याची ती हालचाल पुढे ओव्हरहेड फटक्याला कामी येते, त्यामुळे वेळ वाया जात नाही. तरी कोर्टबाहेर रॅकेट घेऊन ओळ लावायचीच असेल तर डावखुऱ्या मुलाला ओळीच्या, मुलांच्या डाव्या हाताकडच्या टोकाला ठेवा, नाहीतर त्याची आणि शेजाऱ्याची रॅकेट हमखास भिडते.

आता डोळ्यांचं, कारण खरी भीती तिथेच आहे. शटलच्या बुचाचा व्यास २५ ते २८ मिलिमीटर असतो. टेनिसचा चेंडू भुवईच्या आणि गालाच्या हाडावर बराचसा अडतो, हे बूच मात्र थेट डोळ्याच्या खोबणीत शिरतं. आणि मारणारा दर वेळी समोरचाच असतो असं नाही. दुहेरीत पुढे उभी असलेली मुलगी 'मागची काय करतेय' म्हणून मान वळवते आणि नेमकं त्याच क्षणी मागच्या जोडीदाराचं फूल किंवा रॅकेट तोंडावर येते. म्हणून माझ्या तासाला पुढच्याने मागे बघायचं नाही आणि रॅकेट तोंडासमोर धरायची. जाळीपाशी कुणी उभं असताना स्मॅश (वरून खाली जोरात हाणलेला फटका) मारायचा नाही. मारला की तो बाहेर. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

स्क्वॉशमध्ये ज्युनिअर स्पर्धांना संरक्षक गॉगल सक्तीचा असतो, बॅडमिंटनमध्ये नाही. शाळेला जमलं तर पॉलिकार्बोनेटचे (कणखर प्लास्टिकचे) चार गॉगल घ्या, कोर्टवरचे चौघे आळीपाळीने घालतील. काचेच्या भिंगांचा रोजचा चष्मा घालणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवा, कारण त्याची काच फुटली तर त्रास वाढतो.

तास सुरू होण्याआधी रॅकेटा तपासा. एका हातात मूठ, दुसऱ्यात डोकं धरून हलकेच पिळायचं. कुरकुर आवाज आला की ती रॅकेट बाजूला. ग्रिप सुटून लोंबत असेल तरी तेच, घामाच्या हातातून अशी रॅकेट सुटतेच. फरशी ओल्या फडक्याने पुसली असेल तर वाळू द्या, पावसाळ्यात तर नक्कीच. गुळगुळीत झालेल्या तळव्यांच्या कॅनव्हास बुटांवर किंवा नुसत्या मोज्यांवर खेळू देऊ नका. कोर्टवर पडलेलं फूल शिट्टी झाल्यावरच उचलायचं. (हॉलमध्ये टेबल टेनिसचं घडीचं टेबल असेल तर ते मुलांना ढकलू देऊ नका. उभं केलेलं टेबल अंगावर पडलं तर भारी पडतं.)

एवढं करूनही डोळ्याला लागलंच तर चोळू देऊ नका, दाबू नका, घरचे थेंब घालू नका. मुलाला डोकं वर ठेवून बसवा, डोळ्यावर कागदी कप असा लावा की त्याचा भार हाडावर येईल, डोळ्यावर नाही. दिसतंय म्हणाला तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा, कारण बुब्बुळापुढे रक्त साचलं तर ते नुसत्या नजरेला कळेलच असं नाही. ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पालकांना फोन मुलाकरवी नाही, तुम्ही स्वतः करा.