जस्त फुटतं, तांबं पसरतं

प्रश्न: सर, मी इंदूरला सांवेर रोडवर गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यात कामाला आहे. जस्ताच्या लगडीवर घण घातला की ती तडकन फुटते. बर्तन बाजारात तांब्याची परात मात्र ठोकाल तशी पसरत जाते. मुलीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकात दोन्ही धातूंत अणूंनी ७४ टक्के जागा भरलेली असते, असं दिलंय. मग हा फरक कुठून आला?

उत्तर: ७४ टक्क्यांवर पुष्कळजण अडकतात. धातू पसरतो तो अणूंचे थर एकमेकांवरून सरकल्यामुळे, आणि दाटी सारखी असली तरी सरकायच्या वाटा दोघांत वेगळ्या.

राजवाड्याजवळ संत्र्यांची रास रचणाऱ्याकडे बघा. दुसऱ्या थरातलं संत्रं तो खालच्या तिघांमधल्या खळग्यात बसवतो. तिसऱ्या थराला दोन जागा: थेट पहिल्याच्या डोक्यावर, नाहीतर उरलेल्या खळग्यांवर. जस्त पहिली पद्धत धरतं, तांबं दुसरी. जागा सारखीच भरते, आणि त्याहून दाट रचना नाहीच. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने हे १६११ मध्ये म्हटलं. गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी सिद्धता मांडायला १९९८ उजाडलं, तेही संगणक हाताशी घेऊन.

तांब्यात असे दाट थर चार वेगवेगळ्या दिशांना कललेले सापडतात, प्रत्येकाला सरकायला तीन वाटा. झाल्या बारा. घाव कुठूनही येऊ दे, कुठला तरी थर सरकतोच. जस्तात दाट थर एकाच कलाचे, वाटा तीन. त्यात लगडीतले स्फटिक कसेही आडवेतिडवे पडलेले. ज्याचे थर घावाच्या सोयीचे नाहीत तो सरकत नाही, थरातून उकलतो. फुटलेल्या कडेवर सपाट, चकचकीत पैलू दिसतात ना, ते हेच थर. भिंग लावून पाहा.

शिवाय जस्ताला पुस्तकाने जरा सवलतच दिली आहे. ७४ टक्के हा आकडा आदर्श गोळ्यांचा. तिथे स्फटिकाच्या घटकाची, म्हणजे ज्याची रचना पुन्हा पुन्हा येते त्या लहानशा ठोकळ्याची, उंची पायाच्या बाजूच्या १.६३ पट लागते. जस्तात ती १.८६ पट आहे, म्हणजे थर एकमेकांपासून दुरावलेले. प्रत्येक अणूला चिकटलेल्या बारा शेजारी अणूंपैकी सहा जवळचे, सहा लांबचे. परीक्षेत मात्र मुलीला ७४च लिहू दे, मार्क कशाला घालवायचे!

थंड लगडीवर घण घालायचाच नाही. १०० ते १५० अंश सेल्सिअसला जस्त नरमतं, त्याचा पत्रा लाटता येतो. २०० च्या पुढे नेलंत तर परत ठिसूळ.