दोन राऊटर, एक रोबो आणि बिनतारी कटकट

लॅपटॉपवरून रोबो बिनतारी चालवायचा, म्हणून लॅपटॉपजवळ एक राऊटर, रोबोच्या पाठीवर दुसरा आणि मधे हवा. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ही जोडणी हल्ली बरेच जण करतात आणि अडकतातही. आलेल्या प्रश्नांपैकी काही घेतो.

लॅपटॉपला वायफाय असतंच, मग दुसऱ्या राऊटरचा खर्च कशाला? (सदाशिव पेठ)

अंतर दहा-पंधरा मीटर असेल तर करूच नका. पण मैदानावर फरक पडतो. लॅपटॉपचा अँटेना स्क्रीनच्या कडेत दडलेला असतो आणि लॅपटॉप टेबलावर. राऊटर मात्र बांबूला बांधून डोक्याच्या वर नेता येतो; लॅपटॉपला फक्त लॅनची वायर. शिवाय लॅपटॉप अधूनमधून आजूबाजूची नेटवर्कं हुडकत बसतो, ओळखीचं एखादं दिसलं की परस्पर तिकडे जातो. तेवढ्यात रोबो भिंतीवर.

उंचीचं कारण असं, की लहरींना मोकळी सरळ रेषा पुरत नाही, त्या रेषेभोवतीही जागा लागते. १०० मीटर अंतरावर २.४ गिगाहर्ट्झला ही जागा मध्यभागी पावणेदोन मीटर त्रिज्येची होते. रोबो जमिनीलगत असला तर निम्मी जागा मातीत जाते. म्हणून रोबोवरचा अँटेनाही काठीवर चढवा, ॲल्युमिनियमच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका.

दोन्ही राऊटर एकाच कंपनीचे आहेत. पासवर्ड बरोबर आहे, तरी रोबोचा कॉम्प्युटर सापडत नाही. (कोथरूड)

एकाच कंपनीचे, इथेच मेख आहे. दोघेही बहुधा एकच पत्ता (उदाहरणार्थ १९२.१६८.०.१) घेऊन खोक्यातून बाहेर येतात आणि दोघेही पत्ते वाटायला बसतात. एका वाड्यात दोन मालक!

लॅपटॉपकडचा राऊटर मालक ठरवा: पत्ता १९२.१६८.१.१, मोड ॲक्सेस पॉइंट (नेटवर्क उभं करणारा), डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) चालू, वाटायचे पत्ते शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले. रोबोवरच्याला १९२.१६८.१.२ द्या, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि मोड क्लायंट किंवा ब्रिज (त्या नेटवर्कला जोडून घेणारा) ठेवा. रोबोच्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१० हा कायमचा पत्ता. वायर लॅनच्या पोर्टमध्येच हवी. ती वॅनमध्ये (इंटरनेटच्या वायरसाठीच्या पोर्टमध्ये) गेली तर राऊटर मधे भिंत घालतो: एका बाजूचा बोलतो, दुसऱ्या बाजूने सुरुवातच करता येत नाही. ही चूक मी स्वतः एक अख्खी दुपार घालवून केलेली आहे.

आता लॅपटॉपवरून ओळीने पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का पाहा: आधी शेवटी १ असलेला पत्ता, मग २, मग १०. जिथे उत्तर थांबेल तिथेच बिघाड. सगळं एकदम तपासणारे रात्री दोन वाजेपर्यंत जागतात.

एक बारकावा. साध्या वायफायमध्ये क्लायंटने पाठवलेल्या फ्रेममध्ये (माहितीच्या पुडक्यात) मूळ पाठवणारा म्हणून क्लायंटचाच मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) बसतो, त्यामागच्या उपकरणाच्या पत्त्याला जागाच नसते. म्हणून ब्रिज मोडमध्ये राऊटरला पत्त्यांची हातचलाखी करावी लागते, आणि रोबोवर दोन-तीन उपकरणं असली की ती कधीकधी फसते. डब्ल्यूडीएस या राऊटर-ते-राऊटर जोडणीच्या मोडमध्ये चार पत्त्यांची फ्रेम असते, त्यामुळे हा घोळ होत नाही. पण दोन्ही राऊटरना ते जमायला हवं. खरेदीआधीच विचारा. रिपीटर (ऐकलेलं पुढे सांगणारा) मोड मात्र घेऊ नका, एकाच रेडिओवर ऐकणं आणि पुन्हा सांगणं दोन्ही करताना वेग जवळजवळ निम्मा होतो.

रोबो वळला की राऊटर रिस्टार्ट होतो. वायफाय कमकुवत आहे का? (हडपसर)

वायफाय निर्दोष आहे. मोटर सुटताना किंवा अडकताना जो करंट खेचते, त्याने बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्ट, सरासरी ११.१, १२ व्होल्टचा राऊटर तिच्यावर आधीच काठावर असतो. इथे बक कन्व्हर्टर निरुपयोगी, तो व्होल्टेज फक्त उतरवतो. उतरवणारा आणि चढवणाराही बक-बूस्ट घ्या, नाहीतर ५ व्होल्टचा राऊटर घेऊन वेगळ्या पॉवर बँकेवर चालवा. पुण्यात तापकीर गल्लीत अशी मॉड्यूल मिळतात. ॲम्पिअर विचारून घ्या, आणि दुकानदार सांगेल त्याच्या निम्मेच धरा.

घरी चालतं, प्रदर्शनात अडखळतं. (पिंपरी)

प्रदर्शनात शेकडो मोबाईल असतात आणि २.४ गिगाहर्ट्झला एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झला जा. ३६ ते ४८ किंवा १४९च्या पुढचे चॅनेल निवडा. मधले काही रडारसोबत वाटून घेतलेले असतात, राऊटर तिथे सुरू होण्याआधी निदान मिनिटभर कान देऊन ऐकतो आणि रडार वाटला तर चॅनेल सोडून पळतो. स्पर्धेत हे परवडत नाही. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा.

तरी अडखळलं तर कॅमेरा तपासा. ६४० बाय ४८०चं कच्चं रंगीत चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवलं की २२१ मेगाबिट होतात. त्या रांगेत तुमची 'थांब' ही आज्ञा मागे उभी राहते. जेपेगमध्ये दाबून पाठवा, सेकंदाला चित्रं कमी करा.

आरओएस २ (रोबो चालवायची सॉफ्टवेअर प्रणाली) चे नोड, म्हणजे त्यातले प्रोग्रॅम, एकमेकांना दिसत नाहीत, पिंग मात्र जातो. (कर्वेनगर)

नोड एकमेकांना मल्टिकास्टने (एकदम अनेकांना हाक मारून) शोधतात आणि बरेच राऊटर ते वायरलेसवर नीट पुढे सोडत नाहीत. दोघांचा डोमेन क्रमांक एकच आहे का पाहा, मग समोरच्याचा आयपी पत्ता डीडीएसच्या (नोडमधले निरोप नेणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये थेट लिहा.

लिंक तुटली तर? (औंध)

तुटणारच. रोबोवरच्या कंट्रोलरमध्ये अर्ध्या सेकंदाचा टायमर लावा, तेवढ्यात नवी आज्ञा आली नाही तर मोटरचा पुरवठा शून्य. हे लॅपटॉपच्या प्रोग्रॅममध्ये नव्हे, रोबोतच लिहा. मग रोबो स्टँडवर उचलून चाकं हवेत ठेवा, चालू करा आणि लॅपटॉपकडच्या राऊटरची वायर ओढा. चाकं थांबली तरच खाली उतरवा.