वर्गात एकट्या असलेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

छायाचित्रणाच्या वर्गात मुंब्र्याहून येणारी तू एकटीच, म्हणून छायाचित्रण सोडून दुसरा विषय घ्यावा का, असे तू परवा विचारलेस. ते उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते.

आधी माझी चूक कबूल करतो. इतरांना मी ठाण्यातले तलावपाळी, स्टेशन, जांभळी नाका असे विषय वाटले आणि तुला मात्र ‘तुमच्याकडचा रमजान’ दिला. दिला कौतुकानेच, पण त्यामुळे बाकीच्यांच्या वाट्याला शहर आले आणि तुझ्या वाट्याला समाजाचे प्रतिनिधित्व. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला पारशी होत्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, आणि त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. तरीही त्या पारशी घरांतल्या समारंभांपाशी थांबल्या नाहीत, १९४७ चे सत्तांतर त्यांनी टिपले.

तुमच्याकडची मुले कलेकडे का वळत नाहीत, याचे कारण आवडीनिवडीत शोधणे मला पटत नाही. शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नसेल, तर मूल चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना बसणार कसे? शिवाय कॅमेऱ्याची किंमत कित्येक महिन्यांच्या घरभाड्याइतकी, आणि ‘यातून नोकरी कुठली?’ हा प्रश्न तर मुंब्र्यात ऐकू येतो तसाच येऊरच्या आदिवासी पाड्यांवरही.

तू मात्र राहावेस असे मला वाटते, ते कँटीनच्या मावशींच्या छायाचित्रामुळे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचा सगळा उजेड मध्यम करडा धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढचा सावळा चेहरा काळवंडतो. बहुतेकांनी तो तसाच काळवंडलेला आणला. तू एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवलेस, म्हणजे उजेड दुप्पट आत घेतलास, आणि मावशींच्या कपाळावरचे गोंदण दिसले. इतकी वर्षे त्यांच्या हातचा चहा पिऊनही ते माझ्या लक्षात आले नव्हते.

कॉलेजचे दोन कॅमेरे कपाटात असतात. नोंदवहीत नाव लिहून ते घरी नेण्याचा तुलाही इतरांइतकाच हक्क आहे, तेव्हा मागताना संकोच करू नकोस; कपाटाची किल्ली नेहमी त्याच चार मुलांच्या हाती जाते, हेही आता मी पाहीन. घरी अब्बांशी बोलण्याची गरज वाटली, तर मी येईन.

रमजानचा विषय मी परत घेतो. मनात असेल तरच कर. नाहीतर सोमवारी पहाटे जांभळी नाक्याच्या मंडईत ये, भाजीच्या गाड्या उतरत असतात. बॅटऱ्या चार्ज करून ठेवतो.

तुझा,
सर