यंदाचे अकरा मावळे

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. भावंडं अकरा झाली, दिवाळी तीन आठवड्यांवर आली, नोकरी सांभाळून प्रत्येकाला किल्ल्यासाठी नवा मावळा द्यायचा कसा, म्हणून साचा करू का, असं विचारतेस. नको करूस.

कौतुक करत बसत नाही, हात चांगला आहे हे तुला ठाऊक आहे. तुझा गेल्या वर्षीचा तुतारीवाला पाहिलाय मी. काय गाल फुगवलेत! साच्यातूनही तसे गाल निघतील, पण मग अकराही जण तुतारीच वाजवतील.

मनगटाशी तडा जातो म्हणतेस. जाणारच. शाडू वाळताना आकसते, आतली तार आकसत नाही. तार काढ. हात ढालीला टेकवून घडव. भाल्यासाठी मूठ ओली असतानाच सुईने भोक पाड, काडीपेक्षा जरा मोठं, आणि वाळल्यावर काडी खोच. सावलीत वाळव. पंख्याखाली ठेवशील तर पुन्हा रडत येशील. आणि साचा नको.

मी केला होता एकदा, १९९८ साली. चौदा भाचरं, एक रविवार, प्लास्टर ऑफ पॅरिस. वसुबारसेला वाटले. धाकट्या भाचीने आपला आणि भावाचा मावळा शेजारी ठेवला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ''मामा, यातला माझा कुठला?'' मी म्हटलं, ''कुठलाही घे.'' कुठलाही घे! पुढच्या वर्षी तिच्यासाठी मुद्दाम हाताने घडवला, तर बाईसाहेब मोठ्या झालेल्या, किल्ल्याच्या मातीत हात घालायला आल्याच नाहीत.

पेणला गणपतीही साच्यातूनच निघतात, हे मला सांगू नकोस. त्या लोकांचं पोट आहे त्यावर, आणि डोळ्यांची आखणी तेही हातानेच करतात. तुझं पोट यावर नाही. माझंही नव्हतं. एका दुकानदाराने पाचशे मावळे मागितले तेव्हा मी नाही म्हटलं. घरात पैशांची ओढ होती, बायको अजून ऐकवते. तिचं चूक नाही. पण पाचशे करायचे म्हणजे साचा आला, आणि साचा आला की ''कुठलाही घे'' आलंच. असो. हे तुला कशाला सांगतोय?

अकरा जमत नसतील तर चार कर. बाकीचे रुसतील, रुसू देत, पुढच्या वर्षी त्यांचा नंबर आधी. ज्या पोराचा पाय प्लास्टरात आहे, त्याचा मावळा बुरुजाला टेकून बसलेला कर. बसलेल्याचे पाय मोडतही नाहीत.

शाडू कमी पडली तर माझ्याकडे अर्धी गोणी आहे. रविवारी ये, येताना झाकणाचा डबा आण. गेल्या वेळचा माझा डबा अजून तुझ्याकडेच आहे.